पीएस५, एक्सबॉक्स की स्विच २? पैसे भरण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानात गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घेणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "यातला पॉवरफुल कुठला?" विचारणारा बहुतेक वेळा नववी-दहावीतला मुलगा असतो, आणि मागे उभे असलेले बाबा खिशाचा विचार करत असतात. आमचं उत्तर दोघांसाठी सारखंच आहे. ताकदीच्या आकड्यांवरून या पिढीत निवड होत नाही. घरात गेम येणार कसे, आणि मुलगा खेळणार कोणाबरोबर, या दोन गोष्टींवरून होते.

आकडे लपवण्यासारखे नाहीत, म्हणून सांगून टाकतो. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरिज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा (टेराफ्लॉप्स हे चिपच्या ताकदीचं माप), सोनीचा पीएस५ म्हणजे प्लेस्टेशन ५ साधारण १०.३ चा, एक्सबॉक्सचाच सीरिज एस ४ चा. पहिल्या दोघांत एएमडीच्या एकाच घराण्यातली चिप आणि प्रत्येकी १६ जीबी मेमरी. एकच गेम दोन्हीवर शेजारी शेजारी लावला, तर सोफ्यावर बसलेल्या माणसाला फरक ओळखता येणार नाही. सीरिज एस मात्र खरोखरच खालच्या पायरीवर आहे. मेमरी १० जीबी, सीडी ड्राइव्ह नाही, आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये जागा फक्त ५१२ जीबी. ज्याच्या घरी जुना फुल एचडी टीव्ही आहे आणि बजेट घट्ट आहे, त्याने तो घेतला तर आम्ही अडवत नाही. फक्त त्यात पुढे सीडी ड्राइव्ह बसवता येत नाही, हे आधी समजून घ्या.

सीडी ड्राइव्ह असलेला की नसलेला?

कुठली कंपनी यापेक्षा हा निर्णय मोठा आहे, असं आमचं ठाम मत आहे. लोक मात्र तो काउंटरवर दोन मिनिटांत घेतात.

पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० ला आणि डिजिटल, म्हणजे ड्राइव्ह नसलेला, ३९,९९० ला होता. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम, म्हणजे त्याचंच बारीक मॉडेल, आला तो ५४,९९० आणि ४४,९९० ला. म्हणजे फरक दोन्ही वेळा १० हजारांचा. एवढे वाचले म्हणून डिजिटल घेणारे बरेच असतात. आता पुढचा हिशोब करू. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. समजा सीडी घेतली, मे महिन्याच्या सुट्टीत मुलाने गेम संपवला आणि ती तीन हजारांना विकली किंवा एक्स्चेंजला दिली. अशा चार सीडी फिरल्या की १० हजार वसूल होऊन वर पैसे उरतात. डिजिटल गेम एकदा घेतला की तुमच्या खात्याला चिकटतो. तो विकता येत नाही, शेजारच्याला देता येत नाही.

मुंबईत तर सीडीचा फायदा दुप्पट आहे. एका सोसायटीत चार मुलांकडे पीएस५ असला, तर चौघांनी चार वेगळ्या सीडी घ्यायच्या आणि ए विंग ते डी विंग फिरवायच्या. परळच्या एका इमारतीतली मुलं हे इतक्या शिस्तीत करतात, की कुठली सीडी कोणाकडे आहे ते लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. ही सोय दादर, माटुंगा, ठाणे, डोंबिवली कुठेही जमेल. सीडीवाला कन्सोल मात्र हवा.

डिजिटलची बाजूही खरी आहे. प्लेस्टेशन स्टोअरवर सेल लागतो तेव्हा वर्ष-दोन वर्षं जुने गेम निम्म्या भावात किंवा त्याहून स्वस्त मिळतात. ज्याला नवा गेम पहिल्याच दिवशी नको असतो आणि जो एकच गेम वर्षभर खेळतो, त्याचं डिजिटलवर काही अडत नाही. स्लिम डिजिटलला पुढे वेगळा ड्राइव्हही जोडता येतो. जोडताना एकदा इंटरनेट लागतं. पण मनात थोडी जरी शंका असेल, तरी ड्राइव्हवालाच घ्या.

जुना पीएस४ असलेल्यांनी तर दुसरा विचारच करू नये. पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम पीएस५ वर चालतात, सीडीसकट. कपाटात पंधरा सीडी असताना डिजिटल घेतला, तर त्या पंधराही रद्दी. पीएस३ च्या सीडी मात्र पीएस५ वर चालत नाहीत, हे आम्हाला रोज सांगावं लागतं. जुन्या सीडींच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टचं काम जास्त चांगलं आहे. सीरिज एक्स मूळ एक्सबॉक्स, ३६० आणि वन या तिन्ही पिढ्यांतले बरेच गेम चालवतो. मोठ्या भावाच्या ३६० च्या सीडी जपून ठेवल्या असतील, तर सीरिज एक्सचं पारडं तिथे जड होतं.

मित्र कुठे आहेत ते विचारा

मुलाच्या वर्गातल्या पाच जणांकडे पीएस५ असेल, तर त्याला एक्सबॉक्स देऊन तुम्ही त्याला एकटं पाडाल. काही गेममध्ये दोन्हीकडचे खेळाडू एकत्र खेळू शकतात. फुटबॉलचा ईए एफसी तसा आहे, फोर्टनाइटही तसा आहे. पण प्रत्येक गेममध्ये ही सोय नसते, आणि सीडीची अदलाबदल तर एकाच कन्सोलवाल्यांत होते. आमच्या पाहण्यात मुंबईत मुलांच्या टोळीत पीएस५ च जास्त, म्हणून सेकंड हँड सीडीही त्याच्याच मिळतात. यंत्र म्हणून एक्सबॉक्स कमी आहे असं यातून निघत नाही. शिवाय एक्सबॉक्सचे म्हणून ओळखले जाणारे गेम आता पलीकडेही येऊ लागलेत. फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आला. सोनीचे स्वतःचे मोठे गेम एक्सबॉक्सवर सहसा येत नाहीत. क्रिकेट २४ दोन्हीकडे आहे, आणि जीटीए ६ ही दोन्हीसाठी जाहीर झालाय. तेव्हा त्या दोघांपायी निवड अडवू नका.

एक्सबॉक्सची जमेची बाजू म्हणजे गेम पास. महिन्याचे पैसे भरा आणि शेकडो गेमपैकी हवा तो खेळा. घरात तीन भावंडं असतील आणि प्रत्येकाला वेगळं काही हवं असेल, तर ही योजना खरंच उपयोगी आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे प्लॅन बदलले आणि वरच्या प्लॅनचा भाव बराच वाढला. त्यामुळे "गेम पासमुळे एक्सबॉक्स स्वस्त पडतो" हे जुनं गणित आजच्या भावाने पुन्हा मांडा. वर्षाची रक्कम काढा, महिन्याची नको. सोनीकडेही पीएस प्लस आहे. भारतात त्याचे इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स असे तीन प्रकार मिळतात. विकत घेतलेला गेम ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचा, तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला ती लागत नाही. मुलगा फक्त तेवढंच खेळणार असेल, तर वर्गणीच्या भानगडीत पडू नका.

निंटेंडो स्विच २ कोणासाठी?

हा जून २०२५ मध्ये जगभर आला. हातात धरून खेळा, नाहीतर डॉकला (टीव्हीला जोडलेल्या स्टँडला) लावून टीव्हीवर. वन रूम किचनमध्ये संध्याकाळी टीव्ही मालिकांच्या ताब्यात असतो, तिथे हातातल्या कन्सोलचं मोल कळतं. लहान मुलं आणि आई-बाबा एकत्र बसून खेळतील असे गेम निंटेंडोइतके चांगले कोणी बनवत नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. पण निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. बाजारात दिसणारा प्रत्येक पीस बाहेरून आलेला असतो आणि त्यामागे कंपनीची भारतातली वॉरंटी नसते. दुकानदार देतो ती त्याची स्वतःची हमी. ती बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणखी दोन गोष्टी: याला जुनं मायक्रोएसडी कार्ड गेम साठवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. आणि काही गेमच्या कार्डात गेमच नसतो. कार्ड ही फक्त चावी, गेम सगळा डाउनलोड करावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या.

बाहेरून आणलेले पीस

दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी येतंय म्हणून पीएस५ मागवणारे बरेच आहेत. पीएस५ प्रो, म्हणजे त्याचं वरचं मॉडेल, तर बाहेर नोव्हेंबर २०२४ मध्येच निघाला, आणि आपल्याकडे लोकांनी तो असाच मिळवला. व्होल्टेजची चिंता नको, आपल्या विजेवर तो चालतो. प्लग तेवढा बदलावा लागतो. अडचण वॉरंटीची. इथे घेतलेल्या अधिकृत पीसवर वर्षभर कंपनी बघते, बाहेरच्या पीसचं काही झालं तर खर्च तुमचा.

सीडीच्या बाबतीत एक बारकावा आहे. अमेरिकेतली सीडी इथल्या पीएस५ वर चालते. पण त्या गेमचे पुढचे जादा भाग भारतीय खात्यावरून घेतले, तर ते त्या सीडीला जुळत नाहीत. खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. म्हणून मामाने न्यू जर्सीहून सीडी आणण्याआधी एवढं त्याला कळवा.

टीव्ही, इंटरनेट आणि जागा

टीव्हीच्या मागचा फोटो काढून आणा. एचडीएमआयची भोकं किती आणि त्यांच्याशेजारी काय लिहिलंय, तेवढं दिसलं की पुरे. फोर के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने हवं असेल, तर टीव्हीत एचडीएमआय २.१ लागतं. ६० फ्रेमवाल्या साध्या फोर के टीव्हीवरही पीएस५ सुंदर दिसतो. केवळ कन्सोलसाठी नवा टीव्ही घेण्याची घाई करू नका. "बटण दाबलं तरी खेळाडू उशिरा हलतो" अशी तक्रार आली, की आम्ही आधी टीव्हीचा गेम मोड चालू करायला सांगतो. बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

हल्लीचा मोठा गेम १०० जीबीच्या घरात जातो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर त्याला सव्वादोन तास लागतात, ४० च्या लाइनवर साडेपाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. कन्सोलमधली जागाही लवकर भरते. पीएस५ मध्ये बाजारातली साधी एम.२ एसएसडी (गेम साठवायची छोटी पट्टी) बसते, फक्त जेन ४ प्रकारची घ्या आणि हीटसिंकसकट, म्हणजे उष्णता काढणाऱ्या धातूच्या कवचासकट, घ्या. एक्सबॉक्सला त्याचं खास कार्डच लागतं आणि ते महाग पडतं. यूएसबीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून पीएस५ वर पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चे गेम तिथे नुसते ठेवता येतात, खेळता येत नाहीत.

कंट्रोलरचा खर्च लोक विसरतात. घरात दोघं खेळणार म्हणजे दुसरा लागणारच. पीएस४ चा जुना कंट्रोलर पीएस५ वर फक्त पीएस४ च्या गेमला चालतो. एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर नव्या एक्सबॉक्सवर सगळ्या गेमला चालतो, म्हणजे तिथे हजारो वाचतात. पीएस५ चा कंट्रोलर चार्ज होतो, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात.

मुंबईची हवा

हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण दुरुस्तीला येणारे पीस बघून आम्हाला सांगावंसं वाटतं. पीएस५ साठी सोनीने सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत आपण या मर्यादेला टेकलेले असतो. त्यात कन्सोल काचेच्या शोकेसमध्ये कोंडला, तर गरम हवा आतच फिरत राहते. गणपतीत मखरासाठी टीव्हीची जागा बदलते, तेव्हा कन्सोल पडद्यामागे ढकलला जातो आणि कोणीतरी तो तसाच चालू करतं. चारही बाजूंनी चार बोटं जागा सोडा. पहिल्या पीएस५ ची उंची ३९ सेंटीमीटर आहे, सेकंड हँड घेणार असाल तर फळी मोजून या. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून दमट खोलीत नेला, तर लगेच चालू करू नका, आत बाष्प धरतं.

पीएस५ च्या बाहेरच्या पांढऱ्या पाट्या निघतात. आतमध्ये धूळ साठायला मुद्दाम भोकं ठेवली आहेत, ती व्हॅक्युमने साफ करता येतात. त्यापुढे मात्र जाऊ नका. आतल्या चिपवर थर्मल पेस्टच्या जागी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहतो, आणि सर्किटवर सांडला तर बोर्ड जातो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे पीएस५ उघडायला देऊ नका.

लाइटबिलाची भीती मोठ्यांना असते. मोठ्या गेमला पीएस५ साधारण २०० वॉट ओढतो. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट. सीरिज एस याच्या निम्म्याहून कमी घेतो. विरार, बदलापूरकडे जिथे लाइट मधेच जाते, तिथे रेस्ट मोडमध्ये (अर्धवट बंद) ठेवण्यापेक्षा खेळून झालं की पूर्ण बंद करा.

थांबू का?

पूर्वी दोन-तीन वर्षं थांबलं की कन्सोल स्वस्त व्हायचा. या पिढीत उलटं झालं, वरचे पीएस५ चे भाव पाहा. त्यामुळे "पुढच्या वर्षी घेऊ" यात बचत होईलच असं नाही. सणासुदीला कंपनी काही दिवस काही हजारांची सूट देते, तेवढ्यासाठी थांबणं मात्र शहाणपणाचं.

दुकानात येताना टीव्हीचा फोटो, मुलाच्या मित्रांकडे कुठला कन्सोल आहे ती माहिती, आणि जुना पीएस४ असेल तर तोही आणा. पीएस४ देण्याआधी सेव्ह केलेले गेम पेनड्राइव्हवर काढून घ्या, त्याला वर्गणी लागत नाही. मग खातं त्यावरून काढून टाका आणि कन्सोल रिसेट करा. घरी जमत नसेल तर तसाच आणा, तुमच्यासमोर बसून करून देऊ.