स्पार्टाकस आणि त्याच्या नावावर खपवलेला लढा

"स्पार्टाकसने गुलामगिरी संपवण्यासाठी रोमशी लढा दिला." कामगार दिन जवळ आला की हे वाक्य कुठून ना कुठून समोर येतंच, सोबत 'स्पार्टाकस' या हॉलिवूड सिनेमातल्या कर्क डग्लसचा घामेजलेला फोटो. गुलामांच्या बंडाच्या या म्होरक्याने रोमशी लढा दिला हे खरं, आणि असा दिला की दोन वर्षं इटलीत जमीनदारांना झोप नव्हती. 'गुलामगिरी संपवण्यासाठी' हे मात्र तो मेल्यानंतर अठराएक शतकांनी त्याला चिकटवलं गेलं.

सिनेमातली गोष्ट बहुतेकांना पाठ असते, म्हणून किरकोळ घोळ आधी उरकून टाकतो. स्पार्टाकस क्रुसावर मेला नाही. इ.स.पू. ७१ च्या शेवटच्या लढाईत तो लढताना पडला आणि प्राचीन इतिहासकार आप्पियान सांगतो की त्याचं प्रेतही सापडलं नाही. कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसं क्रुसावर चढवली, ती जिवंत पकडलेले त्याचे साथीदार होते. लिबियाच्या खाणीत राबण्याचा तपशील प्राचीन नाही. तो थ्रेसचा, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या बाजूचा; आप्पियानच्या म्हणण्यानुसार कधीकाळी रोमन सैन्यात होता, नंतर कैदी झाला आणि ग्लॅडिएटर, म्हणजे प्रेक्षकांसमोर रिंगणात झुंजणारा लढवय्या, म्हणून विकला गेला. सिनेमातली त्याची बायको वारिनिया कादंबरीतून आली. प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने त्याची बायको म्हणून त्याच्याच टोळीतली एक भविष्य सांगणारी बाई नोंदवली आहे, पण नाव दिलेलं नाही. 'मी स्पार्टाकस' असं म्हणत एकेक जण उठून उभा राहतो तो प्रसंग तर कुठल्याच प्राचीन ग्रंथात नाही. तो कोणत्या प्रकारचं शिरस्त्राण घालून लढायचा यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

आता मुद्द्याचं. गुलामांनी केलेलं बंड आणि गुलामगिरी नावाच्या व्यवस्थेविरुद्धचं बंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुरुंग फोडून पळणारा कैदी आणि 'तुरुंगच नकोत' म्हणणारा माणूस, दोघेही भिंतीच्या विरोधात असतात. पण पहिल्याला आज रात्री बाहेर पडायचं असतं. स्पार्टाकसबद्दल आपल्याकडे जे जे आलं आहे ते सगळं पहिल्या प्रकाराकडे बोट दाखवतं.

त्याने केलं काय, ते क्रमाने पाहा. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआच्या ग्लॅडिएटर शाळेतून सत्तरहून थोडे अधिक लोक स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन निसटले. ते व्हेसुव्हियसवर चढून बसले. रोमन सेनानी क्लॉडियस ग्लाबर तीन हजार माणसं घेऊन एकुलती वाट अडवून बसला, तेव्हा यांनी रानवेलींच्या शिड्या वळल्या, कड्यावरून उतरले आणि मागून त्याचा तळ लुटला. पुढे फौज वाढत गेली आणि त्यांनी आल्प्सची दिशा धरली. प्लुटार्क इथे अगदी स्पष्ट बोलतो: डोंगर ओलांडायचे आणि ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं, कुणी थ्रेसला, कुणी गॉलला, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला. रोम जिंकायचं, कायदा बदलायचा, शेतावर राबणाऱ्या बाकीच्या लाखो गुलामांना सोडवायचं, यातलं काहीही त्या बेतात नाही. मुतिना, म्हणजे आजचं मोदेना, तिथे सुभेदार कास्सियसच्या दहा हजारांच्या फौजेला हरवल्यावर उत्तरेची वाट मोकळी होती. तरीही फौज दक्षिणेला वळली. आपल्या ताकदीची धुंदी चढलेले साथीदार त्याचं ऐकत नव्हते, त्यांना इटली लुटायची होती, हे प्लुटार्कने त्याआधीच नोंदवून ठेवलं आहे. सिद्धांतासाठी एकवटलेली सेना अशी वागत नाही.

मग क्रिक्ससच्या अंत्यविधीची गोष्ट. हा त्याचा जुना जोडीदार, वेगळा झाला आणि गार्गानस डोंगराजवळ मारला गेला. त्याच्या नावाने स्पार्टाकसने तीनशे रोमन कैद्यांचा बळी दिला असं आप्पियान लिहितो. दुसऱ्या परंपरेत त्याने कैद्यांना चितेभोवती ग्लॅडिएटरसारखं एकमेकांशी लढायला लावलं. दुसरी खरी धरली तर चित्र विलक्षण आहे: रिंगणातून पळालेला माणूस स्वतः रिंगण भरवतो आणि प्रेक्षकांत बसतो. मी याला ढोंग म्हणणार नाही. हा सूड होता आणि त्या काळाच्या रीतीत बसणारा होता. पण 'माणसाने माणसाला असं वापरू नये' हे तत्त्व त्यात शोधू नका.

त्या काळातल्या गुलामांच्या बंडांचं स्वप्न काय असायचं हे बघायला सिसिली उत्तम. साठेक वर्षं आधी, इ.स.पू. १३५ च्या सुमारास, तिथे युनस नावाच्या सीरियन गुलामाने उठाव केला. जिंकल्यावर त्याने पहिलं काम काय केलं? डोक्यावर मुकुट चढवला आणि अँटिओकस हे राजनाव घेतलं. पकडलेल्या नागरिकांपैकी शस्त्रं घडवता येणाऱ्यांना जिवंत ठेवलं आणि, इतिहासकार डायोडोरस सांगतो, बेड्या घालून कामाला जुंपलं. मालक बदलला, बेडी तीच राहिली. स्पार्टाकसलाही पुढे सिसिली गाठून तिथली आग पुन्हा पेटवायची होती. पण सिलिशियाच्या चाच्यांनी मोबदला घेतला आणि त्याला किनाऱ्यावर सोडून निघून गेले.

'त्या काळी असा विचारच कुणाला सुचला नव्हता' हे उत्तरही मला पटत नाही. निसर्गाने कुणाला गुलाम केलेलं नाही, असं अल्किडामस नावाचा ग्रीक वक्ता स्पार्टाकसच्या तीनशे वर्षं आधी बोलून गेला होता. वाक्य होतं, पण त्यामागे चळवळ नव्हती. आणि एक साधा तर्क: आपली माहिती सगळी मालकवर्गाच्या लेखणीतून आलेली आहे. स्पार्टाकसने खरोखरच सर्व गुलाम मुक्त करण्याची घोषणा दिली असती, तर त्याच्याविरुद्ध वापरायला यापेक्षा भयंकर आरोप त्यांना मिळाला नसता. तो त्यांनी लपवला कशाला असता?

यावर काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे तो नुसता दरोडेखोर! याचा मला पहिल्यापेक्षा जास्त राग येतो, कारण हे रोमचंच म्हणणं आहे. दरोडेखोर एकाच वर्षात रोमच्या दोन्ही कॉन्सलांच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, फौजा मोडत नाहीत. लूट समान वाटण्याचा नियम त्याच्या छावणीत होता. दक्षिण इटलीतल्या थुरीला मुक्काम असताना त्याने व्यापाऱ्यांना सोनंचांदी आणायला बंदी केली आणि लोखंड, तांबं मात्र भरपूर विकत घेतलं. शेतावरचे काही स्वतंत्र मजूरही त्याला येऊन मिळाले होते. बंड मोडणारा रोमन सेनापती क्रास्सस, त्याला आपल्याच पळपुट्या शिपायांपैकी दहातला एक मारून शिस्त लावावी लागली, यावरून दहशत किती होती ते समजा. एवढं असताना त्याच्या नावावर उसनं तत्त्वज्ञान लावण्याची गरज काय?

गरज नंतरच्यांना होती, आणि तीही समजण्यासारखी आहे. मार्क्सने १८६१ मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रात त्याला डोक्यावर घेतलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत रोझा लुक्सेम्बुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्ट यांच्या गटाने त्याचंच नाव लावलं. कादंबरीकार हॉवर्ड फास्ट आणि पटकथाकार डाल्टन ट्रम्बो हे दोघेही १९५० मध्ये कम्युनिस्ट हुडकायला नावं मागणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांपुढे झुकायला नकार दिल्यामुळे तुरुंगात गेलेले. मग नेत्याकडे बोट दाखवायला कुणीच तयार नाही, हा सिनेमातला प्रसंग कुठल्या काळाचा आहे ते वेगळं सांगायला नको. आपण तर जोतीराव फुल्यांच्या मुलखातले. अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना त्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अर्पण केलं. व्यवस्थाच मोडायची असते हे आपल्या डोळ्यांत इतकं भिनलं आहे की दोन हजार वर्षं मागे बघतानाही तेच दिसतं.

तसा नेता हवा असेल तर हैतीकडे, तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीकडे जा. तिथले गुलाम १७९१ मध्ये उठले. त्यांच्यातून पुढे आलेल्या तूसां लूव्हेर्त्यूरला फ्रेंच गव्हर्नर लाव्होने 'काळा स्पार्टाकस' म्हटलं, आणि माझ्या मते ही उपमा त्याला तोकडीच पडते. तूसांच्या १८०१ च्या राज्यघटनेतलं तिसरं कलम सांगतं की या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत, गुलामगिरी इथे कायमची रद्द झाली आहे. स्पार्टाकसच्या छावणीतून असं एकही वाक्य आपल्यापर्यंत आलेलं नाही.