बिशप गेरार्दी आणि टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरलेली माणसं

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातलं यादवी युद्ध 1960 ते 1996 चाललं, दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली आणि त्यात बहुतेक माया, म्हणजे तिथले मूळ रहिवासी होते, एवढं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण शेवटी शेवटी तिथल्या चर्चने जे काम अंगावर घेतलं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

किचे या माया लोकांच्या भागात आधी चर्चच माया रूढींच्या मागे लागलं होतं. डोंगरावर मेणबत्त्या लावायच्या, कोपालचा (झाडाच्या डिंकाचा) धूप जाळायचा, पितरांना बोलवायचं, हे सगळं बंद करा म्हणून कॅथलिक अॅक्शन या चर्चच्या चळवळीतले धर्मशिक्षक सांगत फिरायचे आणि त्यावरून गावागावात फूट पडली. पुढे याच धर्मशिक्षकांनी सहकारी संस्था काढल्या, लोकांना लिहायवाचायला शिकवलं, मग काय, लष्कराच्या नजरेत ते कम्युनिस्ट ठरले. हुआन गेरार्दी 1974 ला तिथले बिशप झाले. 1980 पर्यंत पाद्री आणि धर्मशिक्षक इतके मारले गेले, आणि खुद्द त्यांच्यावरही दबा धरला गेला, की त्यांनी अख्खा धर्मप्रांतच बंद केला. पळाले असं कोणी म्हणेलही, मला तरी नाही वाटत, कारण माणसं वाचवायला दुसरा मार्गच उरला नव्हता. रोमहून परतताना त्यांना देशात घेतलं नाही, मग काही काळ कोस्टा रिकात काढावा लागला.

1994 ला सरकार आणि बंडखोरांमध्ये सत्यशोधन आयोगाचा करार झाला, पण त्यात दोषींची नावं घ्यायची नाहीत अशी अट! म्हणून परतलेल्या गेरार्दींच्या पुढाकाराने चर्चने 1995 ला स्वतःचा प्रोजेक्ट सुरू केला, रेमी, म्हणजे घडलेल्या इतिहासाच्या आठवणी गोळा करायचा. गावातल्याच, माया भाषा बोलणाऱ्या लोकांना ट्रेनिंग देऊन टेपरेकॉर्डर दिले. काय झालं, कोणी केलं एवढंच नाही विचारायचं, तुमच्यावर काय परिणाम झाला, तुम्ही तग कसा धरलात, परत असं होऊ नये म्हणून काय करावं हेही विचारायचं. गेरार्दींचं धर्मशास्त्र मला तर याच प्रश्नांमध्ये दिसतं, आधी सत्य, माफीची गोष्ट नंतर. सत्य कळलं की दुखतं पण त्यानेच माणूस बरा होतो, असं ते अहवाल जाहीर करताना बोलले. तारीख होती 24 एप्रिल 1998. दोन दिवसांनी त्यांच्याच घराच्या गॅरेजमध्ये त्यांना ठेचून मारलं. 2001 ला तीन लष्करी माणसं दोषी ठरली आणि त्यांच्यासोबत एक पाद्रीसुद्धा, हे विसरता येत नाही.

साक्षी देताना लोकांची एक सल सारखी बाहेर यायची, आमच्या माणसांना नीट पुरलंच नाही. मग गुप्त खड्डे उकरायचं काम वाढलं, आणि आता खणायच्या आधी माया पुजारी मेणबत्त्या नि कोपाल लावतो, हाडं परत पुरताना पाद्री मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना म्हणतो, आणि पूर्वी याच धुपावरून भांडलेल्या घरांतले लोक दोन्हीला हजर असतात.