चूक कोणाची ते तिकीट कुठंय: रेल्वे अपघाताच्या भरपाईची पार्श्वभूमी

लोकलमधून माणूस पडला की त्याच्याबद्दलचा पहिला कागद असतो स्टेशन मास्तरचा मेमो. दोन-तीन ओळींचा. अमुक किलोमीटरच्या अमुक खांबापाशी, डाउन स्लो मार्गावर, पुरुष, वय अंदाजे इतकं. मग स्ट्रेचर येतं, लोहमार्ग पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पंचनामा लिहिला जातो. पंचनाम्यात अंगझडतीची यादी असते: रुमाल, कंगवा, किल्ल्या, काच फुटलेला मोबाईल, सुट्टे पैसे. यादीच्या शेवटी पुष्कळदा एक वाक्य येतं, ‘तिकीट अथवा पास मिळून आला नाही.’ घरची माणसं तेव्हा ते वाचतही नाहीत. पुढची काही वर्षं मात्र त्यांना या एका वाक्याशीच भांडावं लागतं.

कायद्याने मुळात तिकिटाचा प्रश्न विचारलाच नव्हता. त्याचा जुना प्रश्न होता, चूक कोणाची? आणि त्याच्याही आधी एक प्रश्न होता, जो आज ऐकायलाही विचित्र वाटतो: माणूस मेल्यावर नुकसान झालं असं म्हणायचा अधिकार कोणाला?

आपला हा कायदा इंग्लंडमधून आला, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते. १८०८ साली तिथे एक खटला चालला. प्रवाशांची घोडागाडी उलटली, नवरा खरचटण्यावर वाचला, बायको महिनाभराने गेली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी इजाच नव्हे. नवऱ्याला पैसे मिळाले ते स्वतःच्या जखमांचे आणि बायको जिवंत होती तेवढ्या महिनाभराचे. पुढच्या आयुष्याचे शून्य. म्हणजे जखमी माणूस दावा लावू शकत होता, मेलेल्याचं कुटुंब नाही. गाडीवाल्याच्या दृष्टीने अर्धवट मारण्यापेक्षा पुरतं मारणं स्वस्त पडत होतं.

रेल्वे आल्यावर ही गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली, कारण आता एका वेळी दहा-दहा माणसं मरू लागली. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी सॉनिंगच्या खोदलेल्या घळीतून जात होती. पावसाने दरड रुळांवर आली होती, इंजिन तिच्यात घुसलं. गरीब प्रवासी बसवलेले उघडे डबे इंजिन आणि मालाचे डबे यांच्या मधोमध जोडलेले होते. मागचा माल पुढे रेटला गेला आणि आठ जण जागीच चिरडले. चौकशीला बसलेल्या पंचांनी इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंडांचा ‘डिओडंड’ बसवला. ही मध्ययुगातली प्रथा होती. ज्या वस्तूमुळे माणूस मरेल ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा. विधवेला यातलं काही मिळायची तरतूद नव्हती. शिक्षा कोणाला, तर इंजिनाला!

१८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने दोन गोष्टी बरोबरच केल्या. डिओडंड रद्द केला आणि लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आणला, ज्याने मृताच्या कुटुंबाला पहिल्यांदा दाव्याचा हक्क दिला. रेल्वे कंपन्यांना पहिली गोष्ट हवी होती. दुसरी तिच्यासोबत पत्करावी लागली.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर दोन वर्षांतच, १८५५ साली, कॅम्पबेल कायद्याची भारतीय आवृत्ती आली. तिच्या प्रस्तावनेत सरळ कबुली आहे की आजघडीला दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाला तर कोणत्याही न्यायालयात दावा चालत नाही, म्हणून हा कायदा. दावा कोणासाठी? पत्नी, पती, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी. भाऊबहिणी त्यात नाहीत. विलायतेतलं कुटुंब मोजून तयार केलेली यादी होती ती.

हक्क तर आला, पण चूक सिद्ध करायची ती कुटुंबानेच. आता सिग्नलची नोंदवही कंपनीच्या ताब्यात, ड्रायव्हर कंपनीच्या पगारावर, रूळ तपासणारा गँगमन कंपनीचा, मोडका सांधा दुरुस्त करून टाकणारेही कंपनीचेच. मृताच्या भावाने गावाहून येऊन काय शोधायचं?

याला वेगळं उत्तर असू शकतं हे जर्मनीतल्या प्रशिया या राज्याने फार आधी दाखवून दिलं होतं. तिथल्या १८३८ च्या रेल्वे कायद्याने नुकसानीची जबाबदारी सरळ रेल्वेवर टाकली. सुटका हवी तर रेल्वेनेच दाखवायचं की चूक जखमी माणसाची होती किंवा बाहेरून आलेलं संकट अटळ होतं. जर्मनीत तेव्हा रेल्वे जेमतेम तीन वर्षांची होती. आपल्याकडे तिथवर पोचायला आणखी शंभरहून जास्त वर्षं गेली.

१८९० च्या रेल्वे कायद्यात १९४३ साली कलम ८२अ घातलं गेलं. दोन गाड्यांची टक्कर झाली, गाडी रुळावरून घसरली किंवा प्रवासी गाडीला दुसरा कुठला अपघात झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. प्रवाशाबरोबरचं सामान आणि जनावरंही त्यात धरली होती. मर्यादा मात्र होती, माणशी जास्तीत जास्त दहा हजार रुपये. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ‘चूक कोणाची’ हा प्रश्न इथे पहिल्यांदा बाजूला ठेवला गेला.

फक्त एक फट राहिली. ८२अ मध्ये अपघात व्हायला हवा होता तो गाडीला. गाडी शाबूत, वेळेवर, पुढच्या स्टेशनात पोचलेली, आणि दारातला एक माणूस मधल्या रुळांत पडलेला असेल तर? गाडीला काहीच झालेलं नाही, म्हणून कलम लागू नाही. मुंबईसारख्या शहरात रेल्वेवरचा मृत्यू बहुतेक वेळा असाच येतो, एकेकट्याचा. या माणसांच्या घरच्यांसाठी १९४३ नंतरही तोच १८५५ चा रस्ता होता: दिवाणी दावा आणि चुकीचा पुरावा.

ही फट बुजली १९९४ मध्ये. मधल्या काळात दोन कायदे झाले. १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरण नेमलं, ज्याचं काम १९८९ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. दिवाणी न्यायालयांकडून हे दावे काढून घेऊन न्यायाधिकरणाच्या खंडपीठांपुढे ठेवले गेले, तिथे न्यायिक सदस्याबरोबर तांत्रिक सदस्यही बसतो. मग १९८९ चा नवा रेल्वे कायदा आला, तो १ जुलै १९९० पासून लागू झाला. जुनं ८२अ त्यात कलम १२४ झालं. आणि १ ऑगस्ट १९९४ पासून त्याच्या शेजारी १२४अ येऊन बसलं.

या कलमाने ‘अनुचित घटना’ नावाचा नवा वर्ग तयार केला. गाडीत किंवा स्टेशनाच्या आवारात दहशतवादी हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ हे त्यात आहेच. पण दररोज कामाला येतात ते शेवटचे थोडे शब्द, प्रवासी गाडीतून प्रवाशाचं अपघाताने पडणं. रेल्वेची चूक असण्याची अट नाही. भरपाई नाकारता येते ती पाच कारणांनी: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली गोष्ट आणि नैसर्गिक कारण किंवा आजार.

अवलंबितांची यादीही आता इथल्या घरासारखी झाली होती. आईवडील, पती-पत्नी, मुलं तर आहेतच, पण मृतावर अवलंबून असलेली अविवाहित बहीण, अल्पवयीन भाऊ आणि विधवा सूनसुद्धा. १८५५ च्या यादीशेजारी ही ठेवून पाहावी. विधवा सुनेचा उल्लेख करणारं कलम लिहिणाऱ्याने एखादं तरी चाळीतलं घर जवळून पाहिलेलं असणार.

कलम झालं, पण न्यायाधिकरणात रेल्वेचा वकील चूक शोधायचं सोडेना, फक्त ती आता प्रवाशाची. चालत्या गाडीत चढत होता. दारात उभा होता. वाकून बघत होता. २००८ मध्ये केरळमधल्या एका स्टेशनावर गाडीत चढताना पडून मेलेल्या बाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालय म्हणालं, हा कायदा लोकांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ आखडून लावायचा नाही. चढताना पडणं हेसुद्धा गाडीतून पडणंच. २०१० मध्ये उघड्या दारात उभं राहण्याचा मुद्दा आला. तो निष्काळजीपणा असेलही, पण ते ‘गुन्हेगारी कृत्य’ नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. २०१८ च्या निकालाने यावर आणखी शिक्कामोर्तब केलं: स्वतःहून करून घेतलेली इजा म्हणायला तसा हेतू लागतो, नुसती बेपर्वाई पुरत नाही.

चुकीचा दरवाजा असा बंद होत गेला, तसा सगळा रेटा दुसऱ्या दरवाजावर आला. १२४अ प्रवाशासाठी आहे, आणि प्रवासी कोण, तर ज्याच्याकडे वैध तिकीट, पास किंवा प्लॅटफॉर्म तिकीट आहे तो (कामावरचा रेल्वे कर्मचारीही). म्हणून अंगझडतीतलं ते वाक्य. रुळांवर पडलेल्या माणसाच्या खिशातलं कागदाचं चिटोरं टिकतं कुठे? पाकीट मारलं जातं, शर्ट इस्पितळात कापून टाकतात. २०१८ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर मध्यममार्ग काढला. रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला एवढ्यावरून तो प्रवासी ठरत नाही, आणि तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असंही ठरत नाही. कुटुंबाने प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगायची. ती पटण्याजोगी असली की उलट सिद्ध करायचं ओझं रेल्वेवर जातं.

हे ओझं उतरवायला रेल्वेकडे असतो डीआरएम रिपोर्ट. २००३ च्या नियमांनुसार अशा प्रत्येक घटनेची चौकशी होऊन विभागीय व्यवस्थापकाचा अहवाल बनतो, आणि तो बनतो घटना घडून गेल्यावर, पुष्कळदा दावा आल्यानंतर. त्यातला एक ठरलेला युक्तिवाद असा, की शरीराचे दोन तुकडे झाले, म्हणजे माणूस गाडीतून पडला नाही, गाडीखाली आला. पडलेला माणूस चाकाखाली जाऊ शकतो, हे न्यायाधिकरणाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. मोबाईलवरच्या पासाने एक बरं केलं आहे. फोनचा चुरा झाला तरी पास काढल्याची नोंद शिल्लक राहते.

पैशांचं थोडक्यात सांगतो. मृत्यूची रक्कम १९९० च्या नियमांत दोन लाख होती, १९९७ मध्ये चार लाख झाली, १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख आहे. जखमांसाठी अवयवांप्रमाणे तक्ता आहे. रक्कम सगळ्यांना सारखी, हमालाला तेवढीच, बँकेतल्या अधिकाऱ्याला तेवढीच. यात एक समता आहे हे खरं, पण मोटार अपघातात वय आणि कमाई पाहून हिशेब होतो. तिशीतला कमावता माणूस ट्रकखाली गेला तर त्याच्या घरी येणारी रक्कम लोकलमधून पडल्यावर येणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट असू शकते. हा फरक मला कधीच पटलेला नाही. दावा एका वर्षात लावायचा, उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळते. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालय.

मोठ्या अपघातानंतर टीव्हीवर जाहीर होते ती रक्कम वेगळी. ते सानुग्रह अनुदान, कायद्याची भरपाई नव्हे. २ जून २०२३ च्या बालासोर अपघातानंतर मृतांच्या वारसांना रेल्वेने दहा लाख जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरात नेहमीचे दर वाढवून रेल्वे अपघातातल्या मृत्यूला पाच लाख आणि अनुचित घटनेतल्या मृत्यूला दीड लाख केले. हे पैसे घेतल्याने न्यायाधिकरणातला हक्क जात नाही. ऑनलाइन तिकिटासोबत काही पैशांत मिळणारा विमाही तसाच वेगळा. पुष्कळ घरं सानुग्रहाचा धनादेश हातात पडला की प्रकरण मिटलं असं समजतात आणि वर्षाची मुदत निघून जाते.

या सगळ्याच्या बाहेर राहतो तो रूळ ओलांडणारा. त्याच्यासाठी १२४अ नाही. कलम १४७ प्रमाणे तो विनापरवाना घुसलेला माणूस, म्हणजे नुकसानग्रस्त नव्हे तर गुन्हेगार. मग तो पूल लांब पडतो म्हणून ओलांडत असो, की खिशात महिन्याचा पास घेऊन पलीकडच्या फलाटावर निघालेला असो. मृतदेह पाहून गाडीतून पडलेल्यात आणि रूळ ओलांडणाऱ्यात फरक करता येत नाही. दोघंही एकाच खांबाजवळ, एकाच खडीवर सापडतात. मेमो लिहिणाऱ्याने बहुधा दोघांनाही गाडीखाली जाताना पाहिलेलं नसतं. त्याला मोटरमनने किंवा गार्डने वॉकीटॉकीवर एवढंच कळवलेलं असतं की अमुक खांबाजवळ कोणी तरी पडलेलं आहे. आणि तो कागदावर लिहितो, ‘रूळ ओलांडताना’.