ताण, आतडे आणि प्रोबायोटिक : दोन वाटा कशा जुळल्या

ताणामुळे पोट बिघडते हा अनुभव जुनाच. त्याची प्रत्यक्ष पाहणी मात्र एका अपघातामुळे शक्य झाली. अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर 1822 मध्ये बंदुकीचा बार लागून अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन याच्या जठराला पडलेले भोक कधीच पूर्ण बुजले नाही, आणि लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्यातून आत पाहून अनेक वर्षे नोंदी केल्या. राग किंवा भीतीच्या वेळी जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट होते, असे त्यांनी 1833 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले. पुढे 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम अशा निरनिराळ्या त्रासांना तोंड द्यायला लावले, तेव्हा प्रत्येक वेळी तेच तीन बदल आढळले: अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरील, ताणाची संप्रेरके स्रवणाऱ्या) वाढलेल्या, थायमस आक्रसलेली आणि जठरात व्रण. थायमस ही रोगप्रतिकारक पेशी घडवणारी ग्रंथी असल्याने ताण, प्रतिकारशक्ती आणि पचनमार्ग यांचा संबंध त्याच प्रयोगात दिसला होता.

प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला लाभ व्हावा म्हणून दिले जाणारे जिवंत जिवाणू, यांचा अभ्यास मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ यांनी 1907 च्या सुमारास, आंबवलेल्या दुधातील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आतड्यातील कुजण्याची क्रिया रोखून वार्धक्य लांबवतात, असे मत मांडले. जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींवरील कामासाठी 1908 चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासह मिळालेल्या या शास्त्रज्ञाचा भर येथे प्रतिकारशक्तीपेक्षा कुजण्यातून तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांवर होता, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

दोन्ही वाटा जवळ आल्या त्या 1974 मध्ये. टॅनॉक आणि सॅव्हेज यांनी अन्न, पाणी आणि बिछाना काढून घेतलेल्या उंदरांच्या पचनमार्गातील लॅक्टोबॅसिलस जिवाणू लक्षणीयरीत्या घटल्याचे दाखवले. त्यानंतर 2004 मध्ये जपानमधील सुदो आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून जिवाणूरहित वाढवलेल्या उंदरांना कोंडून ठेवले असता, त्यांच्यात ताणाची संप्रेरके सामान्य उंदरांपेक्षा अधिक वाढली. बिफिडोबॅक्टेरियमची एक प्रजाती आतड्यात वसवल्यावर हा अतिरेक ओसरला.

आतड्याच्या संरक्षणाविषयी थेट पुरावा 2006 मधील कॅनडातील एका अभ्यासाने दिला. पाण्याने वेढलेल्या चौथऱ्यावर वारंवार बसवलेल्या उंदरांमध्ये जिवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटून त्यापलीकडील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचत होते, पण ज्यांना आधीपासून लॅक्टोबॅसिलसचे दोन वाण (जिवाणूंचे विशिष्ट उपप्रकार) दिले होते त्यांच्यात हा शिरकाव रोखला गेला.

माणसांबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे, कारण गुण वाणागणिक बदलतो आणि प्राण्यांमधील यश नेहमी टिकत नाही. लॅक्टोबॅसिलसच्या जेबी-1 या वाणाने 2011 मध्ये उंदरांमधील चिंतासदृश वर्तन कमी केले होते, आणि मेंदू आणि आतडे यांना जोडणारी व्हेगस चेता कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला होता. 2017 मध्ये निरोगी पुरुषांवर तोच वाण वापरून पाहिला, तेव्हा प्लासिबोच्या (औषधी घटक नसलेल्या नकली मात्रेच्या) तुलनेत त्याचा ताणावर किंवा दाहावर काहीही लाभ दिसला नाही.