कॉम्प्युटर दुकानात आणण्याआधी
(ठाणे, कळवा आणि ऐरोली परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी)

जून ते सप्टेंबर या दिवसांत आमच्याकडे एकच तक्रार सारखी येते: "पंखा फिरतो, लाइट लागते, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." अशा वेळी मदरबोर्ड गेला असे धरून चालू नका. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमच्या (बोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीच्या) सोनेरी कडेवर पातळ थर बसतो, संपर्क तुटतो आणि मशीन पहिल्या पायरीवरच अडते. काही बोर्ड अशा वेळी लांब लांब बीप देतात, काही गप्प बसतात. दिवाळीपर्यंत बंद पडून राहिलेल्या कॉम्प्युटरला हे हमखास होते.

आधी मॉनिटरची वायर बघा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कॅबिनेटच्या मागे खालच्या आडव्या पोर्टमध्ये हवी, वर यूएसबीशेजारच्या उभ्या पोर्टमध्ये नाही. साफसफाईनंतर ही चूक फार होते.

तेही ठीक असेल तर रॅम काढून पुसा. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. समोरून पाहताना डावीकडे येणारे झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असते. कॅबिनेट आडवे करा, झाकण काढा, आतल्या पत्र्याला एकदा हात लावा. रॅमच्या टोकाच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. ती कडेने धरा. साध्या पांढऱ्या खोडरबराने सोनेरी भाग दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा, पण कॅबिनेटपासून लांब, नाहीतर रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा उडतो. स्लॉट कोरड्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका. ज्या ओलाव्याने बिघाड झाला तोच तुम्ही पुन्हा आत घालाल. बसवताना पट्टीची खाच स्लॉटच्या खुणेवर आणा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. "टक्" आवाज येऊन क्लिप बंद झाली पाहिजे. बरेच जण जोर लावायला घाबरतात आणि रॅम अर्धवटच बसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

चालू झाला तर पावसाळाभर रोज अर्धा तास चालवा. स्वतःच्याच उष्णतेने आतला ओलावा वाळतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात?

एसएमपीएसमधल्या (कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर थोडासा प्रवाह येतोच, तो तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनने अर्थिंगला जायचा असतो. जुन्या इमारतीत अर्थिंग तुटलेले असेल किंवा दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरला असेल तर तो पत्र्यावरच राहतो आणि टेस्टर लावला की पेटतो. यात कॉम्प्युटरचा दोष नसतो, त्यामुळे आम्हाला नव्हे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर मशीन चालू असताना टीव्हीची एचडीएमआय केबल लावू-काढू नका, पोर्ट जळू शकते. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसला तर मात्र मेन स्विच बंद करूनच पुढचे बोला.

लाइट गेल्याबरोबर कॉम्प्युटरही बंद होत असेल तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षे टिकते. पूर्ण यूपीएस बदलायची गरज नसते. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका.

तारीख मागे जाते आणि बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल चपटा सेल संपला. साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते; कॉम्प्युटरला वाटत असते २०१५ साल चालू आहे, म्हणून तो आजचे प्रमाणपत्र नाकारतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलल्यावर तारीख पुन्हा लावायला विसरू नका.

निळी स्क्रीन आली तर तिच्यावरच्या स्टॉप कोडचा, म्हणजे बिघाडाच्या इंग्रजी नावाचा, मोबाइलने फोटो काढा. "काहीतरी इंग्रजीत आले होते" एवढ्यावर आम्हाला काही सांगता येत नाही.

मशीन संथ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही न करता डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर अँटिव्हायरस बदलून किंवा फॉरमॅट करून फारसा फरक पडणार नाही, एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवू नका, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात फोटो परत मिळण्याची शक्यता कमी होते.

विंडोज १० चे मोफत नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. ४ जीबीवर ते चालते म्हणण्यापेक्षा रांगते, ८ जीबी धरून चाला.

स्क्रीनवर भोंगा वाजून "या नंबरवर फोन करा" आले तर तो व्हायरस नाही, नुसते वेबपेज आहे. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन करून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्जिंग बंद करा, तसाच आणा.

दुकानात फक्त कॅबिनेट आणा, मॉनिटर आणि वायरी नकोत. लॅपटॉप असेल तर चार्जर मात्र हवाच. रिक्षात कॅबिनेट आडवे ठेवा, झाकणाची बाजू वर. उभे ठेवले तर खड्ड्यांत जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून निसटते.