ढोलवाल्याचा पाय कोणी खाल्ला?

माझ्या बँडमध्ये सध्या चौदा जण आहेत. प्रत्येकाची उंची टोपी सोडून 54 मिलिमीटर. अंगात लाल कोट, डोक्यावर अस्वलाच्या कातडीची काळी टोपी, गालांवर गुलाबी ठिपके. लंडनच्या राजवाड्यापुढे पहारा बदलताना जी पलटण वाजतगाजत येते, तिची ही खेळण्यातली आवृत्ती. गेल्या श्रावणात मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या डाव्या बुटावर पांढरं काहीतरी दिसलं. बुरशी असेल म्हणून ब्रशनं झटकलं, तर बुरशीबरोबर बुटाचं टोकही खाली आलं.

हाच छंद असलेल्या एका गृहस्थांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "याला शिशाचा रोग म्हणतात. आधी वेगळा ठेवा, नाहीतर अख्ख्या बँडला लागेल." दुसऱ्या मित्राचं निदान वेगळंच. थंडीत कथील सडतं, नेपोलियनच्या सैनिकांची बटणं रशियात अशीच गळून पडली, वगैरे. घरातून तिसरं मत आलं की जुन्या बाजारातून कोणाकोणाच्या वस्तू उचलून आणल्या की हे असंच व्हायचं.

तिन्ही निदानं चुकीची. खरा गुन्हेगार मीच हौसेनं करून घेतलेलं काचेचं कपाट होतं.

आधी हे शिपाई कसे बनतात ते थोडक्यात सांगतो. 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची युक्ती शोधली. त्याआधीचे जर्मन शिपाई एकतर चपटे असत, नाहीतर आतून भरीव, म्हणजे जड आणि महाग. ब्रिटन यांच्या कारखान्यात शिसं, थोडं कथील आणि थोडं अँटिमनी (हाही एक धातूसारखा पदार्थ) यांचा रस दोन भागांच्या साच्यात ओतत. साच्याच्या भिंतीला लागलेला रस लगेच थिजायचा. मधला अजून पातळ असतानाच साचा उलटा करून तो परत ओतून घ्यायचे. हाती पातळ सालीचा, आतून पोकळ शिपाई यायचा. धातू कमी लागल्यामुळे किंमत उतरली आणि जर्मनांचा धंदा बसला. खेळण्यांतल्या शिशावर निर्बंध आले आणि 1966 मध्ये हे ओतकाम थांबलं. पातळ साल आणि आतली उघडी पोकळी, या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

जुन्या बाजारात बँड पूर्ण मिळत नाही. झांजवाला नसतो, ड्रम मेजरचा, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याचा, दंड मोडलेला असतो. मग रूपांतर करावं लागतं. साध्या कवायती शिपायाच्या खांद्यावरची बंदूक कानशीनं उतरवायची, हात कोपरात कापून वाकवायचा आणि तोंडाशी कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, द्यायचं. मान तुटली असेल तर पोकळ मानेत काडेपेटीची काडी खुपसून डोकं बसवायचं. इंग्लंडातली पोरं शंभर वर्षांपूर्वी हेच करत होती. ढोलाची कडी, टोपीचा तुरा असली बारीकसारीक कामं एम-सीलमध्ये होतात. रंगवताना मात्र पलटणीचे नियम पाळावे लागतात. ग्रेनेडियर गार्ड्सची बटणं सुटी सुटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोन, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशांची चार-चार, वेल्शांची पाच-पाच. कोल्डस्ट्रीमचा तुरा लाल आणि उजवीकडे. स्कॉट्सना तुराच नाही. म्हणजे कोल्डस्ट्रीमचा माणूस स्कॉट्समध्ये बदली करायचा तर तुरा तासायचा आणि सुईच्या टोकानं बटणं पुन्हा मांडायची. एका छातीला एक संध्याकाळ जाते.

अशा चौदा छात्यांसाठी मी कपाट करून घेतलं. प्लायवूडवर सागाचं विनियर, पुढे काच, काचेच्या कडेला पावसाळी हवा आत जाऊ नये म्हणून सिलिकॉनची रेघ. सुतारानं काम छान केलं होतं. दार उघडलं की आंबूस वास यायचा. नवीन लाकडाचा असेल म्हणून मी सोडून दिला.

तो व्हिनेगरचा वास होता. म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लाचा.

लाकडातल्या हेमिसेल्युलोज नावाच्या लांब रेणूच्या साखळीला जागोजागी अ‍ॅसेटिलचे गट लटकलेले असतात. हवेतल्या ओलाव्यानं ते हळूहळू सुटतात आणि अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ होऊन बाहेर पडतात. ओक या बाबतीत सर्वांत बदनाम, पण थोडंफार आम्ल जवळजवळ प्रत्येक लाकूड सोडतं. सुतारी कामाचा पांढरा डिंक जुना होताना तेच सोडतो. आणि काच बसवायचं नेहमीच्या प्रकारचं सिलिकॉन सुकताना तर नाकाला झोंबेल इतकं सोडतं. वर मी कपाट हवाबंद करून घेतलेलं. बाहेरची ओल आत जाऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्तानं आतलं आम्ल कोंडून ठेवलं.

पण व्हिनेगर ते केवढंसं, त्यानं धातू कसा खाल्ला जाईल? माझा सगळ्यात आवडता भाग इथून सुरू होतो, तेव्हा जरा दमानं घ्या.

शिसं हा खरं तर चिवट धातू. रोमन लोकांनी घातलेले शिशाचे नळ दोन हजार वर्षांनी जमिनीतून जसेच्या तसे निघतात. ताजं कापलेलं शिसं चांदीसारखं चमकतं आणि थोड्याच वेळात मळकट राखाडी होतं. ती राखाडी साय म्हणजे ऑक्साइड आणि कार्बोनेट यांचा पातळ थर. तो पाण्यात विरघळत नाही, धातूला घट्ट धरून बसतो आणि खालच्या शिशाचं राखण करतो. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बघा. तिच्यातलं आम्ल गंधकाचं, कातडी जाळणारं, आणि शिशाच्या जाळ्या त्यात वर्षानुवर्षं बुडलेल्या असतात. अठराव्या शतकात हे आम्ल बनवायचे तेसुद्धा शिशाच्या पत्र्यानं मढवलेल्या खोल्यांत. गंधकाच्या आम्लानं शिशावर सल्फेटचा थर येतो, तो विरघळत नाही, आणि मामला तिथंच मिटतो.

अ‍ॅसेटिक आम्ल त्यामानानं गरीब. आपण ते चायनीजच्या गाडीवर नूडल्सवर शिंपडतो. पण शिशाचं अ‍ॅसेटेट पाण्यात सहज विरघळतं. आम्ल किती जहाल आहे याला इथं फारसं महत्त्व नाही, त्यातून बनणारा क्षार जागेवर टिकतो की वाहून जातो याला आहे. पावसाळी हवेत धातूवर पाण्याची न दिसणारी पातळ फिल्म असतेच. हवेतला ऑक्सिजन शिशाचं ऑक्साइड करतो, अ‍ॅसेटिक आम्ल ते ऑक्साइड विरघळवून अ‍ॅसेटेट करतं आणि राखण करणारी साय उचलली जाते. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड येतो. तो अ‍ॅसेटेटमधलं शिसं ओढून घेऊन त्याचं पांढरं कार्बोनेट करतो, आणि अ‍ॅसेटिक आम्ल पुन्हा मोकळं होतं.

पुन्हा मोकळं! सगळी मेख इथं आहे. आम्ल या कामात खर्चच होत नाही. ते हमालासारखं एक खेप टाकून दुसऱ्या खेपेला परत येतं. खर्च होतात शिसं, ऑक्सिजन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. यातल्या तीन गोष्टी हवेत फुकट आहेत आणि चौथी माझा ढोलवाला. म्हणून आम्लाची वाफ नखभर असली तरी पुरते, फक्त वेळ लागतो.

आता थोडं गणित. 207 ग्रॅम शिशाला सुमारे 18 घन सेंटिमीटर जागा लागते. तेवढ्याच शिशाचं कार्बोनेट केलं तर त्याला 40च्या आसपास लागते. धातूचा भुगा होताना तो दुपटीनं फुगतो. हे रंगाच्या थराखाली घडलं की रंगाला पुटकुळी येते, ती फुटते, तिथून आणखी वाफ आत शिरते. शिवाय शिपाई आतून पोकळ आणि आतल्या बाजूला रंग नाहीच. पायाच्या चकतीखालीही बहुधा नसतो. साल पातळ असल्यामुळे आतून बाहेरून कुरतडली की आरपार. बूट आधी का गेला ते कळलं ना?

गंमत म्हणजे हा 'रोग' माणसानं मुद्दाम लावून त्यावर पैसे कमावले आहेत. ग्रीक तत्त्ववेत्ता थिओफ्रास्टस यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शिसं व्हिनेगरवर ठेवून पांढरा थर खरवडायची कृती लिहून ठेवली आहे. पुढे डच लोकांनी त्याचा कारखाना केला. मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या गुंडाळ्या, अशी शेकडो भांडी घोड्याच्या लिदीत पुरून कोठार बंद करायचे. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही देते. साधारण तीन महिन्यांनी कोठार उघडलं की शिशाचा सफेदा तयार. युरोपातल्या जुन्या तैलचित्रांमधला पांढरा रंग बहुतेक हाच. मी लीद तेवढी वापरली नव्हती, बाकी कपाटाची रचना डच पद्धतीची.

आता त्या तीन निदानांकडे. संसर्ग म्हणाल तर एका शिपायाचा भुगा दुसऱ्याला 'लागत' नाही. एकाच कपाटात सगळे एकच वाफ घेत असतात, म्हणून पाठोपाठ आजारी पडतात. ढोलवाल्याला वेगळं काढून बाकीच्यांना त्याच कपाटात ठेवणं म्हणजे धुरानं भरलेल्या खोलीतून फक्त खोकणाऱ्याला बाहेर नेणं.

कथलाची गोष्ट अर्धी खरी आहे. 13 अंश सेल्सियसच्या खाली कथलाची स्फटिकरचना बदलू शकते आणि त्याचा राखाडी भुगा होऊ शकतो. राखाडी, पांढरा नव्हे. पण हा बदल अतिशय आळशी आहे. तो जोमानं व्हायला उणे 30 अंशांच्या आसपासची थंडी लागते, आणि कथलात थोडं अँटिमनी किंवा बिस्मथ असलं की जवळपास होतच नाही. पुण्याच्या थंडीत माणसाला मफलर लागतो, कथलाला काही होत नाही. नेपोलियनच्या बटणांची गोष्ट ऐकायला झकास आहे, पुरावा मात्र तिच्या बाजूनं नाही.

जुन्या बाजारातल्या आत्म्यांबद्दल घरात वाद नको म्हणून मी एक प्रयोग केला. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये एक चाचणी सुरू केली. ज्या सामानाचं कपाट करायचं त्याचा तुकडा, थोडं पाणी आणि शिसं, तांबं, चांदी यांच्या पट्ट्या एका बंद नळीत घालून 60 अंशांवर 28 दिवस ठेवायच्या. पट्टी बिघडली तर ते सामान बाद. माझ्याकडे भट्टी नाही, तेव्हा मुरंब्याच्या चार बरण्या आणि चैत्रातली गच्ची. मासे पकडायच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं ब्लेडनं खरवडून चकचकीत केली. प्रत्येक बरणीत एक वजन आणि ओल्या कापसाचा बोळा. पहिलीत बाकी काही नाही. दुसरीत झाकणभर व्हिनेगर. तिसरीत कपाटाच्या मागच्या प्लायवूडचा तुकडा. चौथीत त्याच प्रकारच्या सिलिकॉनची ताजी रेघ.

व्हिनेगरच्या बरणीतलं शिसं चौथ्या दिवशी पिठात घोळवल्यासारखं झालं. सिलिकॉनचं दहाव्या दिवशी. प्लायवूडवालं महिनाभर नुसतं काळवंडलं आणि मग एका कडेला मोहरीएवढे दोन पांढरे ठिपके आले. फक्त पाण्याच्या बरणीतलं आजही मळकट राखाडी आहे, बोट फिरवलं तरी काही निघत नाही. (बोट फिरवायचं तर हातमोजा घालून.)

हातमोज्याचं गमतीनं म्हणत नाही. हा पांढरा भुगा विषारी आहे. शिशाची अमुक इतकी मात्रा शरीराला चालते असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार नडतं. भुगा कोरडा खरवडायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपून फडकं पिशवीत बंद करायचं. हे काम स्वयंपाकघरात तर नाहीच नाही. आपल्याकडे शिसं किती सोज्वळ नावांनी घरात येतं हेही लक्षात घ्या. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, मुरदाडशिंग तेच, फक्त ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं. नागभस्मातला नाग म्हणजेही शिसं. 'शोधन केलं की त्यातलं विष जातं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढंच सांगावं की शिशाचे अणू गेले कुठे? भट्टीत घालून अणू बदलत नाही, त्याचे जोडीदार तेवढे बदलतात.

उपाय सोपा निघाला. बँड आता पत्र्याच्या कपाटात आहे. रंग भट्टीत भाजलेला, दोन्ही बाजूंना जाळीची भोकं. धूळ बसते, ती महिन्यातून एकदा झटकतो. कोपऱ्यात सिलिका जेल आणि सक्रिय कोळशाची पुडी. जुनं कपाट पुस्तकांना दिलं. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे ते मातीचे मावळे माझ्याकडे अजून आहेत, ते त्या कपाटातही ठणठणीत राहिले. भाजलेली माती म्हणजे ऑक्सिजनशी आधीच लग्न लागलेले सिलिकॉन (मूलद्रव्य, काचेच्या कडेची रेघ नव्हे) आणि अ‍ॅल्युमिनियम, व्हिनेगरच्या वाफेला तिथं करण्यासारखं काही नाही.

ढोलवाल्याचा डावा पाय घोट्याच्या वर करवतीनं कापला. आत काडी रोवली आणि एका भंगार शिपायाचा बूट एम-सीलनं जोडला. बूट जरा मोठा आहे आणि किंचित बाहेर वळलेला, त्यामुळे तो आता पायात पाय अडकल्यासारखा चालतो. छातीवरचा पट्टा रंगवायला पांढरा रंग हवा होता. दुकानदारानं कोणता देऊ विचारलं. टिटॅनियमचा, मी म्हटलं.