टू-स्ट्रोकचं ऑइल: हाताने मिसळायचं की ऑइल पंपावर सोपवायचं?

टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल कधी बदलत नाहीत, कारण ते साठवायला त्यात जागाच नसते. मोटारीच्या इंजिनात तळाशी ऑइलचं चेंबर असतं. तिथून ऑइल वर चढतं, सगळे भाग भिजवतं आणि पुन्हा खाली गळतं. टू-स्ट्रोकमध्ये हीच तळाची पोकळी, म्हणजे क्रँककेस, वेगळ्या कामाला जुंपलेली असते. पिस्टन वर जाताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण तिच्यात ओढलं जातं, खाली येताना ते दाबलं जाऊन सिलिंडरमध्ये शिरतं. तिथे ऑइल भरून ठेवलं तर तेही त्या झोताबरोबर निघून जाईल. म्हणून ऑइल थोडं थोडं सतत द्यायचं, बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा थर बसू द्यायचा आणि उरलेलं जळू द्यायचं, एवढाच मार्ग राहतो. पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये 2टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल घालून घेतलेल्या पिढीला हे आठवत असेल.

पाण्यावर मात्र या इंजिनाचे हाल जास्त होतात. रस्त्यावर सिग्नल असतो, उतार असतो, गिअर असतात. कावासाकीने 1973 मध्ये बाजारात आणलेल्या जेट स्कीसारख्या, पंपाने पाण्याचा झोत मागे फेकून पळणाऱ्या वाहनात यातलं काही नाही. पाणी कायम अडवत असतं, त्यामुळे थ्रॉटल मिनिटन् मिनिटं पूर्ण उघडा राहतो. लाटेवरून वाहन उडालं की जेट पंपात पाण्याऐवजी हवा शिरते, इंजिनावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि फेरे क्षणात वर जातात. ऑइलचा थर त्या क्षणी जागेवर नसेल तर पिस्टन सिलिंडरला धरतो. किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर इंजिन सीज होणं आणि घरापासून दोन किलोमीटरवर स्कूटर बंद पडणं यांत फार फरक आहे.

पेट्रोलमध्ये ऑइल हाताने मिसळण्याचं गणित सोपं आहे. 50 ला 1, म्हणजे 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल, म्हणजे लिटरमागे 20 मिली. 20 लिटरच्या टाकीला 400 मिली. यात बिघडायला एकही भाग नाही. पेट्रोल पोचलं की ऑइल पोचलंच, ही याची खरी ताकद. दोष असा, की इंजिन मंद फिरत असो वा पूर्ण जोरात, प्रमाण तेच राहतं. मंद फिरताना एवढ्या ऑइलची गरज नसते. धूर होतो आणि प्लग काळा पडतो. दुसरा दोष माणसाचा. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिनाला बरंच’ ही समजूत दूर करणं फार अवघड. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि पिस्टन जास्त तापतो. दिल्लीत 1998 अखेर पेट्रोल पंपांवर सुटं 2टी ऑइल विकायला बंदी आली. तिथे प्रश्न हवेतल्या धुराचा होता, पण मूळ हाच सैल हात.

ऑइल पंपाने हा प्रश्न सोडवला. यामाहाने 1964 मध्ये मोटारसायकलींवर ‘ऑटोल्यूब’ आणलं; आपल्याकडच्या आरएक्स 100 वर तेच होतं. क्रँकशाफ्टवर चालणारा छोटा पंप वेगळ्या टाकीतलं ऑइल थेट इंजिनाच्या तोंडाशी सोडतो. त्याची तरफ थ्रॉटलच्या केबलला जोडलेली असते, म्हणून फेऱ्यांप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे मात्रा बदलते. मंद असताना 100 ला 1 च्या आसपास, पूर्ण जोरात 50 ला 1 किंवा त्याहून घट्ट. धूर कमी, खर्च कमी, आणि भर पेट्रोल पंपावर मोजमापाचं भांडं घेऊन उभं राहायला नको.

मग जुन्या जेट स्कीचे मालक पंप काढून का टाकतात? तो न सांगता बंद पडतो म्हणून. टाकीतलं ऑइल कमी झालं की इशारा मिळतो, पण ऑइल वाहतंय की नाही हे बहुतेक जुन्या वाहनांत कळत नाही. नळीत हवेचा बुडबुडा अडकला, वीस-तीस वर्षांची नळी कडक होऊन तडकली किंवा गाळणी तुंबली, तरी टाकी भरलेलीच दिसते. मुरलेल्या ऑइलवर इंजिन थोडा वेळ छान चालतं आणि मग धरतं.

माझं मत स्पष्ट आहे: पंप चांगला असेल तर ठेवा, पण नळ्या आणि गाळणी बदला. इतिहास माहीत नसलेल्या जुन्या वाहनात हाताने मिसळणं बरं. मात्र सी-डू या ब्रँडच्या वाहनांतल्या रोटॅक्स इंजिनांत एक खोच आहे. त्यातल्या रोटरी व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत घेणाऱ्या फिरत्या चकतीच्या) शाफ्टला टाकीतून वेगळ्या नळीने ऑइल जातं आणि ते पेट्रोलमधल्या ऑइलवर भागत नाही. पंपाबरोबर ही नळीही बंद केली तर आतली गिअर कोरडी पडतात.

ऑइल कोणतं, हेही तितकंच महत्त्वाचं. स्कूटरचं इंजिन हवेने थंड होतं, जास्त तापतं. त्याच्या ऑइलमध्ये राख ठेवणारी धातूची द्रव्यं चालतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तीच राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. म्हणून त्यांतल्या बहुतेकांसाठी बिनराखेचं, टीसी-डब्ल्यू3 प्रतीचं ऑइल सांगितलेलं असतं.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने आता आणखी एक काळजी वाढवली आहे. समुद्रकाठची दमट हवा किंवा टाकीत शिरलेलं पाणी पुरेसं झालं, की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तळातून ओढणारी नळी मग इंजिनाला बिनऑइलचा द्रव पाजते. मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने कॅनमध्ये ठेवू नये ते यासाठी.

ऑइल कसंही घाला, कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये चतुर्थांशाच्या आसपास इंधन न जळताच बाहेर पडतं, आणि जेट स्कीच्या बाबतीत ते पाण्यात जातं. अमेरिकेतल्या लेक ताहोवर अशी इंजिनं 1 जून 1999 पासून बंद झाली, ते मला योग्यच वाटतं. 2002 पासून फोर-स्ट्रोक जेट वाहनं आली. यामाहाची सुपरजेट 2020 पर्यंत टू-स्ट्रोक राहिली.

जुनी वाहनं अजून चालतातच. पंपावर भरवसा बसेपर्यंत एक टाकीभर पेट्रोलमध्येही 50 ला 1 ऑइल मिसळा, ऑइलच्या टाकीवर पातळीशी चिकटपट्टीची खूण करा आणि वाहन फिरवून आणा. पातळी खुणेच्या खाली गेली असेल तर पंप चालतोय. तिथेच असेल तर त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊ नका.